इराणच्या गोठवलेल्या पैशावर विकिपीडियात स्वतंत्र लेख : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

विकिपीडियावर नवा लेख लिहायला फी नाही, आधार कार्ड लागत नाही, पदवीही कोणी विचारत नाही. पात्रतेची अट मात्र आहे. ती लिहिणाऱ्याला नसून विषयाला आहे, आणि नव्या सदस्यांची पहिली अडचण नेमकी इथेच होते. एखाद्या देशाचा परदेशात गोठवलेला पैसा हा स्वतंत्र लेखाचा विषय होतो का, हा प्रश्न त्यासाठी चांगला आहे. उदाहरण इराणचे घेऊ.

या अटीला उल्लेखनीयता म्हणतात. विषयाशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह प्रकाशनांनी त्या विषयावर सविस्तर लिहिलेले असले पाहिजे. रक्कम अब्जावधी डॉलरची आहे, एवढ्यावर भागत नाही. पैसा गोठवणे हाच त्या लिखाणाचा विषय आहे, की इराण-अमेरिका वादाच्या ओघात एखादी ओळ येऊन गेली आहे, हे तपासायचे.

इराण या कसोटीला सहज उतरतो. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधला अमेरिकी दूतावास ताब्यात घेऊन तिथल्या कर्मचाऱ्यांना ओलीस धरले गेले आणि दहाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी इराण सरकारची मालमत्ता गोठवली. १९ जानेवारी १९८१ च्या अल्जीयर्स करारातून ओलीस सुटले, बराचसा पैसा मोकळा झाला आणि उरलेल्या दाव्यांसाठी हेगमध्ये लवाद बसला. इराणचे राजे शहा यांच्या काळात शस्त्रांसाठी भरलेले, पण माल न मिळालेले ४० कोटी डॉलर अमेरिकेने १३० कोटी व्याजासह परत करायचे २०१६ मध्ये ठरले. त्याच वर्षी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने इराणच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे १७५ कोटी डॉलर दहशतवादी हल्ल्यांतील बळींच्या कुटुंबीयांना देण्याचा मार्ग मोकळा केला. इराण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. ३० मार्च २०२३ च्या निकालात मध्यवर्ती बँकेचा दावा अधिकारक्षेत्राबाहेरचा ठरला, तर इतर काही इराणी कंपन्यांच्या बाबतीत अमेरिकेने इराणसोबतचा १९५५ चा मैत्री करार मोडल्याचे न्यायालयाने मान्य केले.

‘हे सगळे इराणवरच्या निर्बंधांच्या लेखात एक विभाग म्हणून घाला’ असा आक्षेप हमखास येतो. मला तो पटत नाही. निर्बंधांचा लेख इराणशी काय व्यवहार करता येत नाही ते सांगतो. इथे प्रश्न आहे आधीच पडून असलेला पैसा कोणाचा, हा. त्याचा करार वेगळा, लवाद वेगळा, निकाल वेगळे. अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे २०२१ मध्ये अमेरिकेत गोठवलेले सुमारे ७०० कोटी डॉलर मात्र, माझ्या मते, आधी त्या बँकेच्या लेखातच विभाग म्हणून यावेत आणि मजकूर वाढला की बाहेर काढावेत.

कागदपत्रे म्हणजे संदर्भ. वृत्तपत्रांतले सविस्तर लेख, कायद्याच्या नियतकालिकांतली विश्लेषणे, पुस्तके यांवर पात्रता ठरते. कार्टर यांचा आदेश किंवा निकालाची प्रत तपशिलासाठी वापरा. पात्रता सिद्ध करायला ती पुरत नाही.

संदर्भ वाचताना एका गोष्टीवर मी नेहमी अडतो : गोठवलेला, जप्त आणि अडकलेला हे शब्द बातम्यांत सरमिसळ करून येतात. गोठवलेल्या पैशाची मालकी इराणचीच राहते. जप्तीत ती जाते. दक्षिण कोरियातले सुमारे ६०० कोटी डॉलर तेलाच्या बिलाचे होते; अमेरिकी निर्बंधांच्या धास्तीने ते तिथल्या बँकांत अडकले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीसोबत कतारला हलवले गेले. आपल्याकडे २०१२ पासून इराणी तेलाचे काही पैसे रुपयांत युको बँकेत जमा होत आणि त्यातून इराण भारताचा माल घेई, बासमतीसुद्धा. त्याला गोठवलेला पैसा म्हणणे चूक आहे. लेखात प्रत्येक आकड्यापुढे तो कोणाचा आणि कोणत्या वर्षाचा, हे लिहाच.

आता प्रक्रिया. खाते उघडा, त्या विषयावर लेख आधीच आहे का ते शोधा, मग धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, कच्चा मजकूर तयार करा. इंग्रजी विकिपीडियावर खात्याला चार दिवस आणि दहा संपादने झाल्याशिवाय लेख थेट टाकता येत नाही. तोवर मसुदा तपासणीला पाठवायचा. मराठी विकिपीडियावर शंका असेल तर चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या चर्चेच्या पानावर, विचारा. इंग्रजी लेखाचा अनुवाद केलात तर संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या नोंदीत) मूळ लेखाचा दुवा द्या, ती परवान्याची अट आहे.

लेख वगळण्याचा प्रस्ताव आला तर घाबरून मजकूर पुसू नका. इंग्रजीत ही चर्चा साधारण सात दिवस चालते आणि डोकी मोजून नव्हे, मुद्दे पाहून निर्णय होतो. तिथे ‘विषय महत्त्वाचा आहे’ असे लिहिण्यापेक्षा गोठवणुकीवरच लिहिलेले दोन-तीन सविस्तर संदर्भ मांडा. लेख दुसऱ्या लेखात विलीन करण्याचा निर्णय झाला, तरी जुन्या पानाचा इतिहास सहसा राखला जातो; नवे संदर्भ हाती आले की तिथूनच लेख पुन्हा उभा करता येतो.