नीस ते मांतों : समुद्रकाठच्या आणि डोंगरगावांतल्या पळवाटा

(फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर आमच्यामार्फत येणाऱ्या धावपटूंसाठी माहितीपत्रक)

बुकिंग झाल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "रोज किती किलोमीटर?" या किनाऱ्यावर तो आकडा फारसा कामाचा नाही. नीस आणि इटलीची हद्द यांच्यामध्ये डोंगर थेट समुद्रात उतरतात. किनाऱ्यापासून दोन किलोमीटर आत गेलात की तुम्ही चारशे मीटर वर असता. म्हणून आधी चढ बघायचा, मग अंतर. आमचा हिशोब साधा आहे : दर १०० मीटर चढाला सपाटीचा एक किलोमीटर धरायचा. दोन किलोमीटरची वाट ४०० मीटर चढत असेल, तर ती सहा किलोमीटरची समजा आणि पाणी, वेळ, खाणं त्या बेताने घ्या.

दुसरी गोष्ट रेल्वेची. नीसहून इटलीतल्या वेंतिमिल्याला जाणारी लोकल किनारा धरूनच धावते. विल्फ्रांश, बोलियू, एझ, काप दाय, मोनाको, रोक्ब्रून, कार्नोलेस, मांतों अशी स्थानकं दर काही किलोमीटरवर लागतात. त्यामुळे खाली दिलेली जवळपास प्रत्येक वाट एका स्थानकावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपते. पाय बोलायला लागले की जवळचं स्थानक गाठायचं. तिकीट गाडीत चढण्याआधीच काढा, तपासनीस नियमित येतात. प्रत्येक लोकल प्रत्येक छोट्या स्थानकावर थांबतेच असं नाही. एझ आणि रोक्ब्रूनसाठी वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा.

पहिला दिवस : प्रोमनाद देझ आंग्ले

नीसचा हा समुद्रकाठचा रस्ता विमानतळापासून जुन्या नीसपर्यंत सुमारे सात किलोमीटर, पूर्ण सपाट, डांबरी. विमानप्रवासानंतर पाय मोकळे करायला याहून सोपं काही नाही. एकच नियम : सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यात पळू नका. तिथे सायकली वेगात येतात आणि कोणी कोणाला सोडत नाही. खालच्या किनाऱ्यावर वाळू नाही, मोठे गोटे आहेत. त्यावर पळण्याचा मोह झाला तर घोटा आठवा.

टोकाला किल्ल्याची टेकडी आहे, ९२ मीटर उंच. किल्ला चौदाव्या लुईच्या हुकमाने १७०६ मध्ये पाडला गेला, आता वर बाग आहे. पायऱ्यांनी वर आणि बंदराच्या बाजूने खाली अशा दोन फेऱ्या मारल्या की पुढच्या दिवसांत मांड्यांचं काय होणार आहे ते कळतं.

काप फेरा : बोलियू ते विल्फ्रांश

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ही सर्वांत आवडते, आणि ते बरोबरच आहे. बोलियू स्थानकातून बाहेर पडून समुद्राकडे या. तिथून सें-झाँच्या बंदरापर्यंत दीडेक किलोमीटरची फरसबंद पायवाट आहे. पुढे सेंत-ऑस्पिस या छोट्या टोकाची फेरी, मग दक्षिणेला वळून मोठ्या टोकाला वळसा, दीपगृहाखालून पासाब्लच्या किनाऱ्यावर, आणि शेवटी रस्त्याने विल्फ्रांश स्थानक. सगळं मिळून १० ते १२ किलोमीटर. चढ नगण्य, पण पश्चिम बाजूचा पृष्ठभाग खडकाळ आहे : सिमेंटचा पट्टा, मग उघडा चुनखडक, मग चार पायऱ्या, पुन्हा सिमेंट. तिथे घड्याळातला वेग विसरा. सपाटीवर किलोमीटरला सहा मिनिटांनी पळणाऱ्यांनी इथे आठ धरावीत.

काय चुकतं? एक, लाटा. वाट जागोजागी पाण्यापासून जेमतेम दोन-तीन मीटरवर आहे. समुद्र खवळला की नगरपालिका फाटक लावून ती बंद करते. आकाश निळंशार असतानाही वाट बंद असू शकते, कारण लाटा दूरच्या वादळाच्या असतात. फाटकावरून उडी मारू नका. पलीकडे खडक ओला असतो आणि बाजूला भिंत, त्यामुळे मागे सरकायला जागाच नसते. दोन, सावली. मोठ्या टोकाच्या दक्षिण बाजूला ती जवळपास नाही. तीन, पाणी. बंदर सोडल्यावर पासाब्लपर्यंत विकत काही मिळत नाही.

काप मार्तें : कार्नोलेस ते मोनाको

साधारण सात किलोमीटर. कार्नोलेस स्थानकातून समुद्रावर या आणि पाणी डाव्या हाताला ठेवून चालू पडा. ही वाट ल कोर्ब्युझिए यांच्या नावाची आहे, चंदीगडची आखणी करणारे तेच वास्तुकार. त्यांनी १९५२ मध्ये स्वतःसाठी बांधलेली लाकडी खोली, ३.६६ मीटर लांब आणि तेवढीच रुंद, रोक्ब्रून स्थानकाजवळ वाटेलगतच आहे. २०१६ मध्ये ती आणि चंदीगडचा कॅपिटॉल परिसर एकाच नोंदीत जागतिक वारसा ठरले. आतून पाहायची असेल तर मार्गदर्शकासोबतची फेरी आधी आरक्षित करावी लागते. पळता पळता आत डोकावता येत नाही.

पहिला निम्मा भाग बंगल्यांच्या कुंपणभिंती आणि खडक यांच्यामधून जातो. दोन माणसं जेमतेम मावतील इतका अरुंद. समोरून चालणारे आले की आपण थांबायचं, "बोंजूर" म्हणायचं आणि मग पुढे. रोक्ब्रूननंतर पायऱ्या वाढतात, तिथे चाला.

मोनाकोत शिरताना अंगात टी-शर्ट हवा. किनारा सोडून शहरात उघड्या अंगाने फिरायला तिथे मनाई आहे आणि पोलीस ती पाळायला लावतात. उंच-सखल शहरात सार्वजनिक लिफ्ट फुकट आहेत, स्थानक गाठायला बिनधास्त वापरा. फोनबद्दलही एक सूचना : मोनाको युरोपीय संघात नाही, आणि 'युरोप' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सिम-पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. काप दाय आणि रोक्ब्रूनमध्येच फोन मोनाकोचा टॉवर पकडतो. तिथे डेटा बंद ठेवा. नकाशा आधीच उतरवून घेतलेला असला की अडत नाही.

एझ आणि वरची धार

हा खरा डोंगरी दिवस. दोन टप्पे आहेत आणि पहिला करून थांबण्यात काही कमीपणा नाही.

पहिला टप्पा : समुद्रकाठचं एझ स्थानक ते वरचं एझ गाव. १८८० च्या दशकात नीसला हिवाळे काढणाऱ्या नीत्शे या तत्त्वज्ञाचं नाव या वाटेला आहे. सुरुवात स्थानकाजवळच, रस्त्याच्या पलीकडे होते. लांबी दोन किलोमीटरच्या आसपास, चढ चारशेहून थोडा जास्त. आतकरवाडीतून सिंहगड करणाऱ्यांना चढ नवा वाटणार नाही, त्यापेक्षा थोडा कमीच आहे. फरक दगडाचा. सह्याद्रीतला बसाल्ट पायाला पकड देतो. इथला चुनखडक हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालाय आणि त्यावर सुटी खडी पसरलेली असते. चढताना त्रास नाही, उतरताना माणसं पडतात. म्हणून आमचा आग्रह : ही वाट चढायची, उतरायची नाही. खाली यायचं तर गावातून बस आहे. पाऊस पडत असेल किंवा नुकता पडून गेला असेल तर चढूही नका. जोरदार पावसानंतर दरडीच्या भीतीने वाट बंदही ठेवतात.

चाल चांगली असलेल्यांना ५० मिनिटं ते तासभर लागतो. सकाळी नऊच्या आत वर पोहोचा. दहानंतर गावाच्या गल्ल्या पर्यटकांनी भरतात, आणि त्या इतक्या चिंचोळ्या आहेत की पळणं हा उद्धटपणाच ठरतो.

दुसरा टप्पा : एझहून कोल देझ खिंडीतून रव्हेअरच्या किल्ल्याकडे. तो सुमारे सातशे मीटरवर आहे, म्हणजे आणखी पावणेतीनशे मीटर चढ. दुसऱ्या महायुद्धात इथे ब्रिटिश युद्धकैदी ठेवले होते, त्यातले बरेच १९४२ मध्ये निसटले. वरून एका बाजूला समुद्र आणि हिवाळ्यात दुसऱ्या बाजूला बर्फाचे डोंगर दिसतात. इथून ला तुर्बीपर्यंत धारेवरची रुंद, पळायला सोपी वाट आहे, आणि सगळी मेहनत या चार-पाच किलोमीटरसाठीच केलेली असते. ला तुर्बीत सम्राट ऑगस्टसचं विजयस्मारक आहे, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरचं. गावात बेकरी आणि पाणी दोन्ही मिळतं. तिथून काप दाय किंवा मोनाको स्थानकापर्यंत पावणेपाचशे मीटरचा खडा उतार. एकूण साधारण १२ किलोमीटर, पण वरच्या हिशोबाने १९-२० समजा.

शेवटचा उतारच घात करतो. मुंबईच्या सपाट रस्त्यांवर सराव केलेल्यांच्या मांड्यांना लांब उताराची सवय नसते. त्या दिवशी काही जाणवत नाही, तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. येण्याआधीच्या सहा आठवड्यांत आठवड्यातून एकदा उताराचा सराव करा. डोंगर नसेल तर इमारतीचे जिने उतरा. पावलं छोटी आणि भराभर, टाच पुढे आपटायची नाही.

सेंत-आन्येस, गोर्बियो, रोक्ब्रून

मांतोंहून बसने सेंत-आन्येसला जा. साडेसातशे मीटरच्या वर आणि तरीही समुद्रासमोर असल्याने किनाऱ्यावरचं युरोपातलं सर्वांत उंच गाव म्हणून ते मिरवतं. बसेस दिवसात मोजक्याच आणि रविवारी आणखी कमी, म्हणून हा दिवस रविवारी ठेवत नाही. तिथून गोर्बियोपर्यंत चारशे मीटर उतार. पहिला भाग मोकळ्या दगडगोट्यांचा, सावकाश घ्या. गोर्बियोच्या चौकात १७१३ साली लावलेलं एल्मचं झाड आहे, त्याच्या सावलीत थांबून बाटल्या भरा. पुढे मध्ये एक छोटा चढ घेऊन वाट रोक्ब्रूनच्या जुन्या गावात येते, आणि पायऱ्यांनी स्थानकात. दहा किलोमीटरच्या आसपास. वर किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंश थंड असतं आणि वारा असतो. पातळ जाकीट कमरेला बांधा.

खुणा : पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळा म्हणजे स्थानिक. रंगीत फुली दिसली तर तुम्ही चुकलात, मागे फिरा. फाट्यांवर लाकडी खांब असतात आणि प्रत्येकावर क्रमांक. आमच्या कागदी पट्टीत तेच क्रमांक ओळीने दिले आहेत. कड्यांखाली घड्याळाचा जीपीएस भरकटतो, खांबाचा क्रमांक भरकटत नाही. पूर्ण नकाशा हवा असेल तर आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा ३७४२ ओटी घ्या.

कधी यावं

मार्च ते मे अखेर आणि ऑक्टोबरचे कोरडे दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही डोंगरवाटा घेत नाही : ऊन, पाण्याची वानवा आणि वणवे. धोक्याच्या दिवशी प्रशासन जंगलवाटा बंद करतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस कोकणातल्यासारखा दिवसेंदिवस रेंगाळत नाही, काही तासांत कोसळतो आणि कोरडे ओढे एकदम भरून वाहतात. हवामान खात्याचा नारिंगी इशारा असेल तर त्या दिवशी फक्त प्रोमनाद, लाल असेल तर तेही नाही. डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधार होतो, दुपारी दोननंतर डोंगरवाट सुरू करू नका. शरद आणि हिवाळ्यात शिकारीचा हंगाम असतो, भडक रंगाचा टी-शर्ट घाला. फेब्रुवारी ते एप्रिल पाइन झाडांखाली केसाळ सुरवंट रांगेने चालताना दिसले तर हात लावू नका, फोटोसाठी वाकूही नका. त्यांच्या केसांनी अंगावर पुरळ उठतं आणि डोळ्यांना इजा होते.

रस्ता, पाणी, खाणं

फ्रान्समध्ये वाहनं उजवीकडून चालतात. म्हणजे समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून आपण डाव्या कडेने पळायचं, आणि रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. थकल्यावर घरची सवय उफाळून येते, तेव्हा जास्त जपा. डोंगराच्या कुशीतून मधल्या उंचीवरून जाणाऱ्या 'कोर्निश' रस्त्यावर अजिबात पळू नका, बोगद्यांमध्ये पदपथ नाही.

पाणी वसंतात तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण ते एक. गावातल्या नळावर 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते प्यायचं नाही. इलेक्ट्रॉलची पाकिटं, चिक्की, खजूर घरून आणा. पेढे, बर्फी नकोत, दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात आणायला बंदी आहे. दुकानं दुपारी बाराला बंद होतात ती दोन-तीन तासांनी उघडतात, म्हणून खाणं आधी घ्या. शाकाहारींसाठी सोक्का उत्तम : हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं जाडसर धिरडं. पिसालादिएर हा पिझ्झासारखा पाव नुसत्या कांद्याचा दिसतो, पण त्यात खारवलेले मासे असतात. विचारूनच घ्या.

बूट दोन जोड लागत नाहीत. चार मिलिमीटर खाचांचा एक ट्रेल-बूट सगळ्या वाटांना पुरतो. नवा कोरा मात्र नको, आधी निदान ५० किलोमीटर वापरलेला हवा.

मूळ पासपोर्ट खोलीवर आणि प्रत खिशात, फक्त इटलीच्या हद्दीपलीकडे जाणार असाल तर मूळ सोबत घ्या, तिथे गाडीत पोलीस तपासणी होते. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या ३०,००० युरोच्या विम्यात डोंगरात पळणं धरलं आहे का, ते निघण्याआधी लेखी विचारा. अपघात झाला तर ११२ लावा आणि आधी जवळच्या खांबाचा क्रमांक सांगा, मग नाव. वाट बदलायची असेल तर आदल्या संध्याकाळी आठच्या आत कळवा. बॅगा पुढच्या मुक्कामी नेणारी गाडी सकाळी सातला निघते, आणि चालकाला डोंगरावर फोन लागत नाही.