तुमच्या विंडोज ७ च्या डिस्कमध्ये आम्ही अपडेट मिसळून देतो, म्हणजे नेमकं काय?

तुमच्या कपाटातली विंडोज ७ ची डीव्हीडी बहुतेक वेळा सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टने दिलेला अपडेटचा मोठा गठ्ठा) असलेली असते, म्हणजे २०११ सालातली. ती टाकली की कॉम्प्युटर थेट २०११ मध्ये जाऊन बसतो. पुढचे शेकडो अपडेट एकेक करून घ्यायचे, मध्येच चार-पाच रिस्टार्ट, आणि अपडेट शोधण्याच्या पट्टीवरच काही तास जातात. प्रेसचा किंवा वर्कशॉपचा कॉम्प्युटर असेल तर तेवढा वेळ काम बंद.

म्हणून आम्ही डिस्कचीच दुरुस्ती करतो. डीव्हीडीत ‘इन्स्टॉल डॉट विम’ नावाची एक मोठी फाइल असते. अख्खं विंडोज त्यातच असतं. ती उघडून अपडेट आत घालतो आणि परत बंद करतो. मसाला ताटात वरून भुरभुरायचा नाही, वाटणातच घालायचा.

क्रम मात्र पाळावा लागतो. आधी एप्रिल २०१५ चा केबी ३०२०३६९ (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टचा अपडेट क्रमांक), मग केबी ३१२५५७४, ज्यात सर्व्हिस पॅक १ पासून एप्रिल २०१६ पर्यंतचे बहुतेक अपडेट एकत्र आहेत. त्यानंतर २०१९ मधले केबी ४४९०६२८ आणि ४४७४४१९. हे दोन नसतील तर त्यापुढचे अपडेट विंडोज ७ स्वीकारतच नाही, कारण अपडेट खरा असल्याची खात्री देणाऱ्या डिजिटल सहीची पद्धत बदलली. काही अपडेट असे डिस्कमध्ये बसत नाहीत. ते विंडोज टाकून झाल्यावर आम्हीच करून देतो.

खरी डोकेदुखी नव्या मदरबोर्डवर होते. सेटअप सुरू होतो, भाषा विचारणारी चौकट येते आणि माउसचा बाण मधोमध थिजतो. कीबोर्डही मुका. गिऱ्हाईक माउस बदलून आणतं, पण दोष माउसचा नसतो. विंडोज ७ ला यूएसबी ३ पोर्टची ओळखच नाही. एनव्हीएमई एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) लावली असेल तर तीही यादीत दिसत नाही. या दोन्हींची ओळख करून देणारी छोटी सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नुसती ‘इन्स्टॉल डॉट विम’मध्ये घालून भागत नाही, सेटअप जिच्यावर चालतो त्या ‘बूट डॉट विम’मध्येही घालावी लागतात. हे विसरलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एवढं सगळं भरल्यावर ४.७ जीबीच्या डीव्हीडीत जागा पुरत नाही, म्हणून आम्ही पेनड्राइव्ह देतो. फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, तेव्हा तिचे तुकडे केलेले दिसतील. त्यातला एकही डिलीट करू नका.

येताना मूळ डिस्क, प्रॉडक्ट की (विंडोजचा परवाना क्रमांक) असलेल्या स्टिकरचा फोटो आणि मदरबोर्डचं मॉडेल आणा. होम प्रीमियम आवृत्तीच्या कीवर प्रोफेशनल आवृत्ती चालत नाही. अपडेट मिसळल्याने त्यात काही बदलत नाही. क्रॅक केलेल्या डिस्कवर आम्ही काम करत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. विंडोज ७ चे सर्वसाधारण अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. आमची डिस्क तुम्हाला फार तर तिथपर्यंत आणते. मशीनला जोडलेला किंवा जुन्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेला कॉम्प्युटर असेल तर जरूर करून घ्या, पण त्याला इंटरनेट लावू नका, बँकेचं काम तर नाहीच.

आणि विंडोज ११ हवं असेल तर या कामाचे पैसे आम्हाला देऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बऱ्यापैकी ताजी प्रत फुकट उतरवता येते. रिकामा ८ जीबी पेनड्राइव्ह आणलात तर ती आम्ही काउंटरवरच भरून देऊ.