ती २३ मिनिटं नक्की कशाची?
‘एकदा व्यत्यय आला की लक्ष पुन्हा लागायला २३ मिनिटं जातात’ हे वाक्य ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. आकड्याचा अर्थच चुकीचा लावलाय. संशोधक ग्लोरिया मार्क यांनी मोजला तो मूळ कामाकडे परतेपर्यंतचा सरासरी वेळ. त्या वेळात माणसं रिकामी बसत नाहीत, साधारण दोन दुसरी कामं करतात. मेंदू सावरायला लागणारा वेळ हा नव्हेच. उलट त्यांच्या २००८ च्या प्रयोगात व्यत्यय आलेल्यांनी ईमेलची उत्तरं लवकर उरकली, पण त्यांचा ताण आणि चिडचिड वाढली. माझ्या मते खरी किंमत हीच, आणि ती घड्याळात दिसत नाही. कुणी हाक मारली, तर उठण्याआधी पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवा. परतल्यावर धागा शोधत बसावं लागत नाही.