नेत्रवैद्यकातील लॅटिन संज्ञा

डोळ्याची रचना, विकार व तपासणी यांसाठी वैद्यकात रूढ असलेले लॅटिन शब्द. लॅटिनमध्ये डोळा म्हणजे ‘ऑक्युलस’. शाखेचे ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ हे नाव मात्र ग्रीक ‘ऑफ्थॅल्मॉस’वरून पडले. ढोबळमानाने अवयवांची नावे लॅटिन आणि विकारांची ग्रीक. पण बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याचे ‘आयरिस’ (इंद्रधनुष्य) आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाचे ‘स्क्लेरा’ (कठीण) हे ग्रीक शब्द अवयवांनाच चिकटले आहेत.

बरीच नावे निव्वळ दिसण्यावरून पडली. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, शिंगासारखा, म्हणजे पातळ तासलेल्या शिंगासारखा अर्धपारदर्शक. यूव्हिया (डोळ्याचा मधला थर) द्राक्षासारखी, व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा भाग) काचेसारखा, तर लेन्स म्हणजे चक्क मसूर. ‘प्युपिला’ म्हणजे छोटी मुलगी किंवा बाहुली: समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिले, की मधल्या काळ्या वर्तुळात आपलीच इवलीशी आकृती दिसते. मराठीतली डोळ्यातली बाहुली तीच, आणि संस्कृत ‘कनीनिका’ही. ग्रीकांनीही तिला ‘कोरे’ म्हणजे मुलगीच म्हटले. दोन बाहुल्या लहानमोठ्या असल्या तर डॉक्टर ‘अनायसोकोरिया’ लिहितात तो त्यावरूनच.

काही शब्द लॅटिन असले तरी त्यांचा प्रवास अरबीतून झाला. उदाहरणार्थ रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा. प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनने या पडद्याला ग्रीकमध्ये जाळ्याची उपमा दिली होती. अरबी वैद्यांनी ती उचलली आणि १२व्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे इब्न सिना या वैद्याच्या अरबी ग्रंथाचे भाषांतर झाले तेव्हा ‘रेते’, म्हणजे जाळे, यावरून ‘रेटिना’ लॅटिनमध्ये आला. मराठी ‘जालपटल’मध्येही तेच जाळे आहे. मोतीबिंदूचे नाव ‘कॅटॅरॅक्टा’ म्हणजे धबधबा. डोळ्यात वरून पाणी उतरते व बाहुलीपुढे साकळते, अशी अरबी वैद्यांची समजूत या नावामागे आहे. मोतीबिंदूत मुळात लेन्सच गढूळ होते, हे युरोपात १८व्या शतकाच्या आरंभी पटू लागले. नाव तोवर इतके रुळले होते की ते बदलले नाही.

चष्म्याच्या चिठ्ठीवर ओ.डी. म्हणजे ‘ऑक्युलस डेक्स्टर’, उजवा डोळा, ओ.एस. म्हणजे ‘ऑक्युलस सिनिस्टर’, डावा, ओ.यू. म्हणजे ‘ऑक्युलस उटर्क्वे’, दोन्ही. यातला ओ.डी. घातक ठरू शकतो, कारण औषधांच्या चिठ्ठीत याच अक्षरांचा अर्थ ‘दिवसातून एकदा’ असाही होतो. त्यामुळे थेंबांच्या औषधापुढे ‘उजवा डोळा’ असे पूर्ण शब्दांत लिहिणेच बरे.