मत्स्यपेटीचे अस्तर

मत्स्यपेटीचे अस्तर : मासे ठेवण्याच्या काचपेटीला किंवा सिमेंटच्या हौदाला आतून लावलेला रंग, लेप अथवा सांध्यांत भरलेले सिलिकॉन. पक्के झाल्यावर पाण्यात काहीच सोडत नाही, तेच अस्तर माशांना चालते. हाताला कोरडे लागणे वेगळे आणि आतून पक्के होणे वेगळे. या दोहोंमधल्या दिवसांत सोडलेले मासे मरू शकतात.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) उन्हाळ्याआधी कूलरच्या पत्र्याच्या टाकीला रंग मारतात आणि उरलेला डबा फिश टँककडे वळतो. तो वळवू नये. साध्या ऑइलपेंटमधले द्रावक, गंजरोधक प्रायमरमधले जस्त, बुरशीनाशके हे सारे कल्ल्यांवाटे थेट रक्तात जाते. २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांवर आणले, पण म्हणून तो रंग माशांसाठी निर्धोक ठरत नाही. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो : २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, ३५ ला जेमतेम ७. मासा भराभर श्वास घेतो आणि विषही भराभर आत ओढतो.

काचपेटीला निळी-काळी पाठ हवी असेल तर मागच्या काचेला बाहेरून रंग द्यावा. मधे काच असल्याने मग कोणताही रंग चालतो. आतून रंगवण्याचा हट्ट धरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

सांध्यांसाठी शंभर टक्के सिलिकॉन घ्यावे. लावताना त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो ॲसिटिक आम्लाचा असतो आणि पुढे उडून जातो. न्हाणीघरासाठीच्या, ‘बुरशी धरत नाही’ असे लिहिलेल्या नळीत बुरशीनाशक असते, ती नको. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकते, तेही बाहेरून आत. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते रेंगाळते, म्हणून कूलर चालू असलेल्या खोलीत पेटी ठेवणे फायद्याचे. तरीही आठवडाभर पाणी भरू नये. गळका सांधा दुरुस्त करताना जुने सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडावे लागते, कारण नवे जुन्याला धरत नाही.

सिमेंटच्या हौदात खरा शत्रू चुना. नव्या गिलाव्यामुळे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप; ७ म्हणजे मध्यम, वर अल्क) १० च्या वर जातो आणि मासे होरपळतात. यावर खात्रीचा उपाय केळीच्या पट्ट्यातच फुकट मिळतो : घड उतरवल्यावर रावेर-यावलच्या मळ्यांत पडलेले खोड. त्याचे तुकडे भरल्या हौदात आठवडाभर कुजू द्यायचे. कुजताना तयार होणारी आम्ले चुन्याचा जोर मारतात. ते पाणी प्राणवायूविना घाण झालेले असते. ते काढून, हौद घासून पुन्हा भरायचा. पीएच ८.५ च्या खाली टिकेपर्यंत हेच चालू ठेवावे.

कायमचे अस्तर हवे असेल तर पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांसाठीचे, द्रावकविरहित, दोन डब्यांचे इपॉक्सी (राळ आणि ती घट्ट करणारा हार्डनर कालवून लावायचा लेप) घ्यावे. हौद आधी खडखडीत वाळवावा, नाहीतर लेपाला फोड येतात. राळ आणि हार्डनरचे प्रमाण डब्यावर दिलेले असते, ते तंतोतंत पाळावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घातले तर उरलेला भाग पाण्यात झिरपतो. उन्हात कालवलेला माल भांड्यातच घट्ट होतो (दर १० अंशांना वापरण्याची मुदत साधारण निम्मी होते), म्हणून खानदेशात हे काम पहाटे, थोडे थोडे कालवून करावे. पक्के व्हायला सुमारे सात दिवस लागतात.

पहिले पाणी दोन दिवस ठेवून ओतून द्यावे. वास किंवा तेलकट तवंग दिसला तर पुन्हा तेच. बोअरचे पाणी जड (क्षार जास्त असलेले) असते आणि जड पाण्यात तांब्या-जस्ताचा विषारीपणा कमी होतो. म्हणून उन्हाळाभर निर्धोक वाटलेला हौद पावसाळ्यात गच्चीचे मऊ पाणी भरताच मासे मारू शकतो. चाचणी पावसाच्या पाण्यानेही घ्यावी.