एएमएफ : फ्रान्समधल्या मेयर लोकांची संघटना

एएमएफ ही फ्रान्समधल्या मेयर लोकांची देशव्यापी संघटना आहे. १९०७ मध्ये सुरू झाली, १९३३ मध्ये सरकारने तिला सार्वजनिक हिताची संस्था म्हणून मान्यता दिली, आणि आता तिच्यात मेयरांच्या जोडीला आजूबाजूच्या गावांनी मिळून बनवलेल्या मंडळांचे अध्यक्षपण असतात. ऑफिस पॅरिसला सीन नदीच्या काठी के दोर्से या रस्त्यावर, संसदेच्या बिल्डिंगपासून चालत जाता येईल इतकं जवळ. देशात साधारण ३५ हजार कम्यून आहेत, कम्यून म्हणजे तिथलं सगळ्यात खालचं स्थानिक सरकार, आणि त्यातले जवळजवळ सगळे या संघटनेत आहेत. वर्गणी लोकसंख्येच्या हिशोबाने, म्हणजे मोठं शहर जास्त भरतं, छोटं गाव कमी.

आता मेयर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मुंबई-पुण्याचा महापौर येतो, पण फ्रान्समध्ये तसं नाही. तिथे शहर असो की डोंगरातलं ऐंशी माणसांचं गाव, दोन्हीकडे मेयरच असतो आणि कायद्याने पदही तेच. निम्म्याहून जास्त कम्यूनची लोकसंख्या ५०० च्या आत आहे, म्हणजे बहुतेक मेयर हे खरं तर आपल्या सरपंचाच्या जागी आहेत. लोक नगरपरिषद निवडतात, परिषद मेयर निवडते, मुदत सहा वर्षं. मेयर गावाचा कारभारी तर असतोच, शिवाय राज्यसंस्थेचा प्रतिनिधीपण असतो, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, लग्न लावणं, मतदानाची व्यवस्था, गावातली सुरक्षितता हे सगळं त्याच्या सहीने चालतं. चर्चमध्ये लग्न करायचं असलं तरी आधी मेयरसमोर कायदेशीर लग्न लागतंच. एवढी जबाबदारी आणि हाताशी स्टाफ किती, तर छोट्या गावात बऱ्याचदा एकच सेक्रेटरी, तोही काही तासांपुरता. संघटना का लागते याचं उत्तर इथेच आहे.

सुरुवात कशी झाली

मेयर लोकांचं पद आजच्या रूपात आलं ते १८८४ च्या ५ एप्रिलच्या नगर कायद्याने. पण सगळ्या देशातले मेयर एकत्र आले तर केवढी ताकद दिसते हे पहिल्यांदा कळलं ते १९०० मध्ये. पॅरिसला जागतिक प्रदर्शन चालू होतं आणि २२ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष एमिल लुबे यांनी ट्युलेरीच्या बागेत मांडव घालून देशभरातल्या मेयरांना जेवायला बोलावलं, वीस हजारांहून जास्त लोकांची पंगत होती, वाढप्यांकडे निरोप पोचवायला सायकली वापरल्या असं सांगतात. लुबे स्वतः आधी मोंतेलिमार गावाचे मेयर होते. तारीखही मुद्दाम निवडलेली, १७९२ मध्ये त्याच दिवशी प्रजासत्ताक सुरू झालं होतं. हे बोलावणं अर्थात सरकारचं होतं, मेयर पाहुणे होते. सात वर्षांनी संघटना झाली ती मात्र मेयर लोकांची स्वतःची, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

रोजचं काम

बाहेरून बघणाऱ्याला एएमएफ म्हणजे टीव्हीवर सरकारशी भांडणारे अध्यक्ष एवढंच दिसतं. पण वर्षभर जे चालतं ते वेगळंच आहे, आणि कुणी त्याची बातमी करत नाही. नवीन निवडून आलेला मेयर, आधी शेतकरी किंवा शिक्षक किंवा रिटायर झालेला माणूस, त्याच्यासमोर एकदम बजेट येतं, टेंडर येतात, कुणीतरी बांधकाम परवान्यावरून कोर्टात जायची धमकी देतं, स्मशानभूमीत जागा संपलेली असते, शाळेच्या कँटीनचा खर्च वाढलेला असतो. अशा वेळी तो आधी आपल्या जिल्ह्याच्या मेयर संघटनेला फोन करतो, कारण फ्रान्सच्या प्रत्येक जिल्ह्यात अशी एक संघटना आहे, तिथे उत्तर नाही मिळालं तर प्रश्न पॅरिसच्या ऑफिसातल्या कायदा आणि वित्तवाल्या तज्ज्ञांकडे जातो. निवडून आलेल्या लोकांना प्रशिक्षण घ्यायचा हक्क १९९२ च्या कायद्याने मिळाला, त्याचे वर्गही बऱ्याच ठिकाणी या जिल्हा संघटनाच घेतात. शिवाय मासिक आहे, रोजचं वार्तापत्र आहे, नमुना ठराव आणि माहितीपत्रकं आहेत.

आणि माझ्या मते संघटनेचं सगळं वजन या कामातूनच येतं. हजारो गावांतून रोज तेच तेच प्रश्न यायला लागले की कुठला नियम जमिनीवर चालत नाहीये हे पॅरिसला बसून लवकर कळतं, मंत्र्यासमोर बसताना हातात भाषण नसतं तर गावांची उदाहरणं असतात, आणि ज्या मेयरला अडचणीत मदत मिळालेली असते तो हाक मारली की येतो. नुसत्या निवेदनांवर चालणाऱ्या संघटनेला हे जमत नाही.

सरकारपर्यंत कसं पोचतात

काही दरवाजे कायद्यानेच उघडलेले आहेत. १९७९ पासून केंद्राकडून कम्यूनना एक मोठं ठोक अनुदान मिळतं, त्याच्या वाटपावर लक्ष ठेवणारी स्थानिक वित्त समिती आहे आणि तिच्यात निवडून आलेले स्थानिक लोक बसतात. २०१३ च्या कायद्याने आणखी एक परिषद आली, सरकारने कुठलाही नवा नियम काढायच्या आधी त्याचा गावांवर किती खर्च पडेल हे ती तपासते. हे खूप कामाचं आहे, कारण दिल्ली असो की पॅरिस, राजधानीत बसून नियम काढणाऱ्याला त्याचं बिल कोण भरणार याची फिकीर नसते.

मग सेनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह. फ्रान्सच्या सेनेटमध्ये ३४८ सदस्य, ते थेट लोकांच्या मतावर येत नाहीत, त्यांना निवडणाऱ्या मतदारांत ९५ टक्क्यांच्या आसपास नगरपरिषदांचे प्रतिनिधी असतात, त्यामुळे सेनेटर मेयरांचं ऐकून घेतोच. खालच्या सभागृहात पूर्वी कितीतरी खासदार स्वतःच मेयर असायचे, एकाच वेळी दोन्ही पदं. २०१४ मध्ये त्यावर बंदी घालणारा कायदा झाला आणि २०१७ पासून लागू झाला. एका माणसाने दोन खुर्च्या धरून ठेवू नयेत हे बरोबरच, पण संसदेत बसून गावाची बाजू मांडणारा माणूस गेला आणि ते काम संघटनेवर आणखी जास्त येऊन पडलं.

दर नोव्हेंबरला पॅरिसच्या पोर्त द व्हर्साय प्रदर्शन केंद्रात मेयरांचं अधिवेशन भरतं, हजारो लोक येतात, बाजूलाच कचरागाड्यांपासून पथदिव्यांपर्यंत सगळ्याचं मोठं प्रदर्शन असतं. २०१५ मध्ये १३ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांमुळे ते पुढे ढकलून २०१६ च्या मे-जूनमध्ये घेतलं.

संघटनेत डावे-उजवे सगळे आहेत. २०२१ मध्ये कान शहराचे मेयर दाविद लिस्नार अध्यक्ष झाले, ते उजव्या बाजूचे, आणि पहिले उपाध्यक्ष इसूदँचे समाजवादी मेयर आंद्रे लेन्येल. अशी जोडी ठेवली की सरकार कुठल्याही पक्षाचं असो, हे विरोधकांचं राजकारण आहे असं म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

पैशाची भांडणं

२०१४ ते २०१७ मध्ये केंद्राने तूट कमी करायला स्थानिक संस्थांचं अनुदान टप्प्याटप्प्याने कापलं, सगळं मिळून ११ अब्ज युरोंच्या आसपास. एएमएफने १९ सप्टेंबर २०१५ ला देशभर कृती दिवस ठेवला, गावागावातल्या मेयरांनी लोकांना नगरपालिकेसमोर बोलावून कशाकशाला कात्री लागणार ते सांगितलं. जून २०१६ ला राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद अधिवेशनात आले आणि तिथेच जाहीर केलं की २०१७ ची कम्यूनवरची कपात २ अब्जांऐवजी १ अब्ज होईल. निम्मीच सुटली, पण सुटली.

निवासी कराचं मात्र हातातून गेलं. हा कर घरात राहणारा माणूस कम्यूनला भरायचा. एमान्युएल माक्रों यांनी २०१७ च्या निवडणुकीत ८० टक्के कुटुंबांना तो माफ करू असं सांगितलं, पुढे सगळ्यांनाच माफ झाला आणि २०२३ पासून राहत्या घरावर तो उरलाच नाही. बदल्यात कम्यूनना जिल्ह्यांच्या मालमत्ता कराचा वाटा दिला. मेयरांचं म्हणणं असं की पैसे भरून दिले तरी गावकरी आणि गावाचं बजेट यांच्यातला थेट संबंध तुटला, भाड्याने राहणारा माणूस सेवा वापरतो पण गावाला थेट कर काहीच भरत नाही, आणि दर ठरवायची ताकद आपल्याकडून गेली. महाराष्ट्रात ज्यांनी जकात, मग एलबीटी, मग जीएसटीची भरपाई हा प्रवास बघितलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला गेली आणि देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका दर महिन्याला राज्याच्या चेकची वाट बघायला लागली.

पाण्याची दहा वर्षं

माझ्या मते एएमएफचं काम समजून घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण पाण्याचं आहे. ऑगस्ट २०१५ च्या कायद्याने ठरवलं की पाणीपुरवठा आणि सांडपाणी ही कामं २०२० पर्यंत गावांकडून काढून आंतर-कम्यून मंडळांकडे द्यायची, सक्तीने. कागदावर बरोबर वाटतं, मोठं मंडळ म्हणजे जास्त पैसे, चांगले इंजिनियर. पण डोंगरातल्या गावाचा झरा स्वतःचा, पाइपलाइन कुठून गेलीय हे गावातल्या दोन माणसांना माहीत, पाणीपट्टी कमी, आणि ते सगळं तीस किलोमीटरवरच्या ऑफिसकडे जाणार, दरही वाढणार अशी भीती. मेयर चिडले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पहिली सूट मिळाली, पुरेशा गावांनी विरोध केला तर २०२६ पर्यंत थांबता येईल. तरी सक्ती होतीच. मग सेनेटमधून पुन्हा पुन्हा प्रस्ताव, दर अधिवेशनात तोच विषय, आणि शेवटी ११ एप्रिल २०२५ च्या कायद्याने ज्या कम्यूननी अजून पाणी सोपवलं नव्हतं त्यांच्यावरची सक्ती निघाली. ज्यांनी आधीच देऊन टाकलं होतं त्यांना परत नाही मिळालं, आणि नियम पाळणाऱ्यांचंच नुकसान झालं हे मला अन्यायाचं वाटतं.

गावं एकत्र करायलाच संघटनेचा विरोध आहे असंही नाही. स्वेच्छेने गावं जोडली तर काही वर्षं अनुदान कमी होणार नाही अशी हमी देणारा मार्च २०१५ चा कायदा आणला तो झाक पेलिसार यांनी, ते खासदार होते आणि २०१४ पर्यंत एएमएफचे अध्यक्ष. २०१४ मध्ये ३६ हजार ६०० च्या वर कम्यून होते, २०१९ ला ते ३५ हजारांच्या आत आले. सक्ती नको, हमी द्या, एवढंच म्हणणं.

मेयरवर हात उचलला तर

५ ऑगस्ट २०१९ ला दक्षिणेतल्या सीन्य गावाचे मेयर झाँ-मात्यू मिशेल, वय ७६, रस्त्याकडेला राडारोडा टाकणाऱ्यांना अडवायला गेले आणि त्या टाकणाऱ्यांच्याच गाडीखाली येऊन मारले गेले. सगळा देश हादरला. त्याच डिसेंबरच्या कायद्यात छोट्या गावांच्या मेयरचं मानधन वाढलं आणि कोर्टकचेरीच्या खर्चासाठी विमा बंधनकारक झाला. पण हल्ले थांबले नाहीत. मार्च २०२३ मध्ये सँ-ब्रेव्हँचे मेयर यानिक मोरेझ यांचं घर पेटवलं, कारण गावात निर्वासितांचं केंद्र होतं, मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला, सरकारने आपल्याला एकटं सोडलं असं म्हणत. जुलैच्या दंगलीत लाय-ले-रोझच्या मेयरच्या घरावर हल्ला झाला तेव्हा एएमएफने दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला दुपारी १२ वाजता सगळ्या नगरपालिकांसमोर जमायची हाक दिली आणि लोक आले. २४ जानेवारी २०२३ च्या कायद्याने अशा खटल्यात मेयर संघटनेला स्वतः पक्षकार होता येतं, म्हणजे गावातला मेयर कोर्टात एकटा उभा राहत नाही. पुढे मार्च २०२४ च्या कायद्याने हल्लेखोरांच्या शिक्षा पोलिसांवरच्या हल्ल्याएवढ्या केल्या.

कमी काय आहे

सगळ्यांची संघटना म्हणजे मोठं शहर आणि खेडं एकाच टेबलावर, आणि त्यांचं हित दरवेळी एक नसतं. म्हणून ग्रामीण मेयरांची वेगळी संघटना १९७१ पासून आहे, छोट्या शहरांची आहे, महानगरांचीही आहे, आणि त्या कधी कधी एएमएफपेक्षा वेगळं बोलतात. महिलांचं प्रमाण लाजिरवाणं आहे, २०२० च्या निवडणुकीनंतर पाचात एक मेयर महिला होती, या बाबतीत महाराष्ट्राच्या ५० टक्के आरक्षणाकडून त्यांना शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडेही महापौर परिषद आहे, सरपंचांच्या संघटना आहेत. पण महाराष्ट्रात महापालिकेचा कारभार आयुक्त चालवतात, महापौराची मुदत अडीच वर्षं, काम समजेपर्यंत खुर्ची जाते. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यावर तर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते, तेव्हा मुंबईला महापौरच नव्हता आणि शहराची बाजू मांडायला परिषदेत पाठवायचं तरी कुणाला हा प्रश्न होता.