बालसंगोपनाचं अनुदान मंजूर झालं, आता काय काय कळवायचं?

बालसंगोपनाचे पैसे यायचे थांबले म्हणून कागदांची पिशवी घेऊन आई येते, तेव्हा मी आधी एवढंच विचारते: गेल्या वर्षभरात घरात, शाळेत, बँकेत काय बदललं? बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं. मुलीनं पाचवीला शाळा बदलली, बिऱ्हाड कागलहून इचलकरंजीला आलं, जुनं खातं बंद पडलं. फाईलमध्ये मात्र सगळं आधीचंच. अर्ज कसा भरायचा हे सांगणारी माणसं गावोगाव भेटतात. मंजुरीनंतर काय कळवायचं ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

योजनेचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. राज्याच्या महिला व बाल विकास विभागाची ही योजना आहे आणि २०२३ पासून एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. वय ० ते १८. अनाथ मुलं, आई किंवा वडील वारलेली मुलं, घटस्फोटित, टाकलेल्या किंवा अविवाहित आईची मुलं, आईवडील दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळलेले असतील किंवा तुरुंगात असतील अशी मुलं यात बसतात. संस्थेत न पाठवता मुलाला घरीच वाढवता यावं, हा योजनेचा गाभा. पुढचे सगळे नियम त्यातूनच येतात.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतलं प्रायोजकत्व (स्पॉन्सरशिप, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठी दरमहा मिळणारी मदत) वेगळं. तिथं महिन्याला ४,००० रुपये आहेत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. एकाच मुलासाठी दोन्ही घेता येत नाहीत. एक चालू असताना दुसरं मंजूर झालं, तर ते स्वतःहून कळवावं.

बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाकडे जातो. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग निराळा, तो अंगणवाड्यांचं बघतो. चंदगडहून कोल्हापूरला शंभरावर किलोमीटरचा प्रवास करून बाई चुकीच्या दारात उभी राहते आणि तिचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. गृहभेट होते, चौकशीचा अहवाल बाल कल्याण समितीपुढे (बाल न्याय कायद्याखालची जिल्ह्याची समिती) येतो आणि समिती आदेश देते. अर्जाला फी नाही. फाईल पुढे सरकवतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयासुद्धा देऊ नका.

कागद नेहमीचेच: मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, वारलेल्या पालकाचा मृत्यू दाखला, मुलाचे फोटो आणि घरासमोर पालकासोबत काढलेला एक फोटो. घटस्फोट असेल तर कोर्टाचा आदेश, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद.

आता मंजुरीनंतरचं.

शाळा सुरू झाली की जूनमध्येच नवं बोनाफाईड काढा आणि द्या. सगळ्यात जास्त घोटाळा दहावीनंतर होतो. अकरावीचा प्रवेश लांबतो, कॉलेजचं बोनाफाईड हातात नसतं आणि मुलानं शिक्षण सोडलं की काय, अशी शंका फाईलवर बसते. अशा वेळी थांबू नका. निकालाची प्रत आणि प्रवेशाची पावती जोडून साधा अर्ज द्या, बोनाफाईड मिळालं की नंतर जोडा. उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत छापलेली असते, ती संपण्याआधी नवा काढायला टाका. समितीच्या आदेशावरची मुदतही बघून ठेवा, नूतनीकरणाची तयारी तिच्या दोन महिने आधी सुरू करावी.

पत्ता बदलला तर नवा रहिवासी पुरावा हवा. करवीरमधून शिरोळला गेलात तर जिल्हा तोच, काम सोपं. सांगलीला किंवा पुण्याला गेलात तर समितीच बदलते. तेव्हा निघण्याआधी इथल्या कार्यालयात लेखी कळवून आदेशाची प्रत सोबत न्या.

बँकेचं म्हणाल तर पैसे थेट खात्यावर येतात, त्यामुळे खात्याला आधार जोडलेलं असणं आणि केवायसी पूर्ण असणं दोन्ही लागतं. मुलाच्या आधारचे ठसे वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी नव्यानं द्यावे लागतात. ते राहिलं तर आधार निष्क्रिय होऊ शकतं. घरात काहीच बदललेलं नसताना पैसे अडकले, तर आधी हे तपासा.

घरातला बदल सांगणं सगळ्यात जड जातं. विशेषतः आईनं पुन्हा लग्न केलं तर. ते लपवलं जातं, कारण अनुदान जाईल ही भीती आणि लोक काय म्हणतील हीसुद्धा. आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यानं तो उचलून धरला. आपल्याकडच्या बाईनं दुसरं लग्न झाल्याचं कळवणारा अर्ज मान खाली घालून द्यायचं काही कारण नाही. लग्न झालं, मूल आजीकडे राहायला गेलं, सांभाळणारी व्यक्ती वारली, मूल बालगृहात दाखल झालं, यातलं काहीही घडलं तरी कळवा. मूल संस्थेत गेलं तर लाभ थांबतो. बाकी परिस्थितीत समिती नव्यानं विचार करते. लपवलेलं गृहभेटीत उघड होतंच, आणि मग खरी अडचणही कुणी ऐकून घेत नाही.

कळवायचं ते लेखीच. फोनवर सांगितलेलं फाईलला लागत नाही. कागदाच्या दोन प्रती करा. मुलाचं नाव, आदेशाचा क्रमांक आणि तारीख, काय बदललं आणि कधीपासून, एवढं चार ओळींत पुरतं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच घरात मृत्यू दाखल्याइतकीच जपून ठेवा, कारण सहा महिन्यांनी टेबलावरचा माणूस बदललेला असतो.

लाभ बंद केला तर कारण लेखी मागा. समितीच्या आदेशावर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १०१ प्रमाणे ३० दिवसांत अपील करता येतं आणि प्रायोजकत्वासारख्या प्रकरणांत ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून आदेश हातात पडला की आधी त्यावरची तारीख बघा.